काउंटडाउन टायमर प्रत्येक देशात वेगळी वेळ दाखवतो: फरकावरून कारण ओळखणे आणि दुरुस्ती

तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. पुण्याहून किंवा ठाण्याहून होणाऱ्या ऑनलाइन मैफिलीचे, व्याख्यानाचे अथवा कार्यशाळेचे पान तयार असते, त्यावर काउंटडाउन टायमर लावलेला असतो, आयोजकांनी तो आपापल्या फोनवर तपासलेला असतो, आणि तरीही न्यू जर्सीतील श्रोता कळवतो की त्याच्याकडे टायमर साडेनऊ तास जास्त दाखवत आहे, तर सिडनीतील श्रोती सांगते की तिच्याकडे तो कधीच शून्यावर येऊन गेला आणि कार्यक्रम काही सुरू झाला नाही. मग टायमर काढून पुन्हा लावला जातो, प्लगिन (साइटला जोडायचा तयार भाग) बदलले जाते, एखादा कार्यक्रम सुरळीत पार पडतो आणि पुढच्या वेळी तोच घोळ पुन्हा समोर उभा राहतो.

तो पुन्हा उभा राहतो याचे मुख्य कारण असे की ज्याने दुरुस्ती करायची, त्याच्या पडद्यावर चूक दिसतच नाही. भारतीय प्रमाणवेळेवर चालणाऱ्या फोनवर, भारतीय वेळेत लिहिलेला टायमर भारतात बसून पाहिला, तर पुढे वर्णन केलेल्या चुकांपैकी सर्वांत मोठी चूक आपोआप झाकली जाते. म्हणून ‘आमच्याकडे तर बरोबर दिसते’ हा पुरावा तपासणीत धरू नये. परदेशातील श्रोता कामावरून सुट्टी काढून किंवा मध्यरात्री जागून कार्यक्रमासाठी बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर रिकामा पडदा येणे ही किरकोळ गोष्ट नाही.

आधी फरक मोजावा

तक्रार आल्याबरोबर सेटिंग्जमध्ये हात घालू नये. श्रोत्याचे शहर विचारावे आणि टायमरचा असा स्क्रीनशॉट मागवावा, ज्यात फोनचे घड्याळही दिसत असेल. घड्याळातील वेळेत टायमरवरील शिल्लक वेळ मिळवली की टायमर नेमका कोणत्या क्षणाकडे मोजत आहे ते कळते, आणि तो क्षण व कार्यक्रमाची खरी वेळ यांच्यातील अंतर किती आहे यावरून कारणाचा जवळजवळ नेहमी उलगडा होतो. साडेपाच तास, एक तास, अकरा तास, तेवीस मिनिटे अशा प्रत्येक फरकामागे वेगळी चूक असते, आणि हे अंतर न मोजता केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

एक उदाहरण घेऊ. २०२६ सालच्या गुढीपाडव्याला, म्हणजे गुरुवार, १९ मार्च रोजी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजता ऑनलाइन कार्यक्रम ठरला आहे असे समजू. भारतीय प्रमाणवेळ ही यूटीसी या जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे असते आणि वर्षभर बदलत नाही. म्हणून कार्यक्रमाचा क्षण यूटीसीमध्ये दुपारी १:३० हा ठरतो. त्या क्षणी लंडनमध्ये दुपारचे १:३०, न्यूयॉर्क व न्यू जर्सीत सकाळचे ९:३०, दुबईत संध्याकाळचे ५:३० वाजलेले असतात, आणि सिडनीत मध्यरात्र उलटून १२:३० झालेले असतात. तेथे तारीखही २० मार्च लागलेली असते.

आता लंडनच्या श्रोत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये घड्याळ सकाळचे १० दाखवत आहे आणि टायमरवर ९ तास शिल्लक आहेत. दहात नऊ मिळवले की संध्याकाळचे ७ होतात, म्हणजे हा टायमर लंडनचे सात वाजण्याची वाट पाहत आहे. कार्यक्रम मात्र त्याच्याकडे दुपारी दीडला सुरू होऊन, सात वाजेपर्यंत केव्हाच संपलेला असेल.

प्रत्येक देशात वेगळा फरक येत असेल तर

वरील उदाहरणातील चूक ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. टायमरला ‘१९ मार्च २०२६, संध्याकाळी ७’ एवढेच सांगितलेले असते, पण हे सात कोठले, ते सांगितलेले नसते. टायमरचा हिशेब पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतो, आणि ब्राउझर सात म्हणजे आपल्या गावचे सात असे धरून चालतो. त्यामुळे लंडनमध्ये टायमर साडेपाच तास उशिरा, न्यू जर्सीत साडेनऊ तास उशिरा, दुबईत दीड तास उशिरा शून्यावर येतो आणि सिडनीत उलट साडेपाच तास आधीच शून्यावर येऊन थांबतो. भारतात तो बिनचूक चालतो. ही लक्षणे एकत्र दिसली की अन्य काही शोधण्याची गरज नाही.

यातली मेख जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या नियमात आहे. वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असे सर्व दिले पण टाइम झोन दिला नाही, तर त्या मजकुराचा अर्थ स्थानिक वेळेनुसार लावला जातो. परंतु वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने नुसती तारीख दिली, तर तिचा अर्थ यूटीसीतील मध्यरात्र असा लावला जातो. एकाच भाषेत, एकाच कामासाठी, असे दोन परस्परविरोधी नियम आहेत आणि ते लक्षात ठेवण्यावाचून इलाज नाही. म्हणूनच ‘२०२६-०३-१९’ एवढेच लिहिले, तर टायमर भारतात पहाटे साडेपाचला शून्यावर येतो आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशी, १८ मार्चला, रात्री ८ वाजता. जुन्या सफारी ब्राउझरांत तर तारीख व वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडली, तरी आकड्यांच्या जागी ‘एनएएन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) ही अक्षरे उमटत असत. आयफोनवाल्या श्रोत्यांकडूनच तक्रारी येत असतील, तर हे आधी पाहावे.

दुरुस्ती सोपी आहे. तारीख, मग टी हे अक्षर, मग चोवीस तासांच्या पद्धतीने वेळ आणि तिला चिकटूनच यूटीसीपासूनचे अंतर, अशा क्रमाने पूर्ण मजकूर द्यावा: २०२६-०३-१९टी१९:००:००+०५:३०. प्रत्यक्ष कोडमध्ये हे सर्व अर्थातच रोमन लिपीतील अक्षरांत व आकड्यांत लिहावे लागते. शेवटचे ‘+०५:३०’ असले की ब्राउझरला अंदाज करायला जागाच उरत नाही आणि जगभर टायमर एकाच क्षणी शून्यावर येतो. तयार प्लगिनमध्ये टाइम झोनचा वेगळा रकाना असेल तर तो भरावा; असा रकानाच नसेल, तर परदेशी श्रोते असणाऱ्या कार्यक्रमासाठी ते प्लगिन वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांकडे सारखाच साडेपाच तासांचा फरक येत असेल तर

येथे ब्राउझर निर्दोष असतो आणि चूक सर्व्हरवर, म्हणजे साइट जेथे ठेवलेली असते त्या संगणकावर, असते. बहुतेक सर्व्हर यूटीसीवर चालतात, आणि तेच योग्यही आहे. परंतु संपादकाने भारतीय वेळ मनात धरून लिहिलेले सात, सर्व्हरने यूटीसीचे सात म्हणून घेतले, तर टायमर भारतात रात्री साडेबाराला शून्यावर येतो आणि अन्य सर्व देशांतही तेवढाच मागे पडतो. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीत सेटिंग्ज, जनरल, टाइमझोन या ठिकाणी नव्या साइटवर बहुधा यूटीसी निवडलेले असते आणि ते बदलायचे राहून जाते. शहरांच्या यादीत मुंबई किंवा पुणे सापडत नाही, म्हणून काही जण भलताच पर्याय निवडतात. संपूर्ण भारतासाठी या यादीत एशियाखालील कोलकाता हेच एक नाव आहे, आणि तेच निवडावे.

माझ्या मते हा घोळ परत परत होण्यामागचे खरे दुखणे याच ठिकाणी आहे. फरक साडेपाच तासांचा आहे हे कोणाच्या तरी लक्षात येते, आणि सेटिंग दुरुस्त करण्याऐवजी तो संध्याकाळी ७ च्या जागी दुपारी १:३० लिहून मोकळा होतो. टायमर बरोबर चालतो, सगळे निर्धास्त होतात. काही महिन्यांनी दुसरा कार्यकर्ता साइटचा टाइम झोन योग्य करतो आणि आधी हाताने वजा केलेले सर्व कार्यक्रम साडेपाच तास अलीकडे सरकतात. त्याला वाटते आपल्यामुळेच बिघडले, म्हणून तो सेटिंग पूर्ववत करतो. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी एकदा बसून, साइटचा टाइम झोन योग्य करून, पुढील सर्व कार्यक्रमांच्या वेळा एकामागून एक तपासाव्या लागतात. त्याला जवळचा रस्ता नाही.

कोडमध्ये अशी हातची वजाबाकी लपली आहे का, हे पाहायचे असेल तर १९८०० हा आकडा शोधावा. साडेपाच तासांचे तितके सेकंद होतात. तसेच ३३० हा आकडा शोधावा, कारण साडेपाच तासांची तितकी मिनिटे होतात. हे आकडे जेथे सापडतील तेथे कोणीतरी टाइम झोनचा प्रश्न बेरीज-वजाबाकीने मिटवलेला असतो, आणि ती ओळ काढून टाकून तिच्या जागी झोनचे नाव वापरणारी पद्धत आणणे हेच हिताचे असते.

होस्टिंग बदलल्यावर अचानक साडेपाच तासांचा फरक पडू लागला असेल, तर डेटाबेसकडे पाहावे. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा रकाना आत यूटीसीत साठवला जातो आणि वाचताना त्या वेळच्या जोडणीच्या टाइम झोननुसार बदलून दिला जातो; ‘डेटटाइम’ प्रकारचा रकाना जसा लिहिला तसाच परत येतो. जुना सर्व्हर भारतीय वेळेवर आणि नवा यूटीसीवर असेल, तर पहिल्या प्रकारातील सर्व वेळा कोणी काहीही न बदलता वेगळ्या दिसू लागतात. कार्यक्रमांची यादी गूगल शीटमधून येत असेल, तर त्या शीटच्या सेटिंग्जमध्येही स्वतंत्र टाइम झोन असतो, हे विसरू नये.

फरक बरोबर एक तासाचा असेल तर

हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण भारतात राहणाऱ्यांना घड्याळ पुढे-मागे करण्याची सवय नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे केली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणली जातात. हा नियम २००७ पासून लागू आहे. ब्रिटन व युरोपीय संघात हेच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या राज्यांत ऋतू उलटे असल्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात, परंतु त्याच देशातील क्वीन्सलँड घड्याळाला हात लावत नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या बहुतांश भागातही घड्याळे बदलत नाहीत.

मराठी सणांच्या तारखा या बदलांवर वारंवार येऊन पडतात. २०२४ सालची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, आणि अमेरिकेत घड्याळे मागे जाण्याचा रविवारही नेमका तोच होता. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता. त्याच पहाटे ब्रिटन आणि युरोपातील घड्याळे पुढे गेली. २०२६ चा पाडवा १९ मार्चचा, म्हणजे अमेरिकेची घड्याळे ८ मार्चला बदललेली आणि ब्रिटनची २९ मार्चपर्यंत न बदललेली, अशा मधल्या आठवड्यांतील. या आठवड्यांत न्यूयॉर्क व लंडन यांच्यातील नेहमीचे पाच तासांचे अंतर चार तासांवर येते, आणि जुन्या पत्रिकेतील वेळा जशाच्या तशा उतरवून काढणाऱ्याचा हिशेब हमखास चुकतो. भारत हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. लंडनच्या बाबतीत हे अंतर साडेपाच व साडेचार असे बदलते.

कार्यक्रम भारतातून होत असेल आणि टायमरला +०५:३० दिलेले असेल, तर टायमर चुकत नाही; चुकतो तो त्याच्या शेजारी हाताने लिहिलेला ‘न्यूयॉर्क: सकाळी ८:३०’ असा मजकूर. मात्र कार्यक्रम अमेरिकेतून होत असेल, तर टायमरच चुकतो. न्यू जर्सीतील एखाद्या मंडळाने ३ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी १० वाजता भाऊबिजेचा ऑनलाइन कार्यक्रम ठेवला असता आणि पान ऑक्टोबरमध्ये तयार करताना त्या वेळी लागू असलेले यूटीसी उणे चार हे अंतर लिहिले असते, तर टायमर एक तास आधी शून्यावर आला असता, कारण त्या सकाळी उणे पाच लागू झालेले होते. भारतातील नातेवाईक रात्री साडेसातला येऊन बसले असते आणि कार्यक्रम साडेआठला सुरू झाला असता.

म्हणून जेथे घड्याळे बदलतात तेथील कार्यक्रमासाठी अंतराचा आकडा लिहू नये, झोनचे नाव लिहावे: अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/लंडन, ऑस्ट्रेलिया/सिडनी. अशा नावामागे त्या ठिकाणाचे सर्व नियम असतात आणि त्या तारखेला कोणते अंतर लागू आहे ते संगणक स्वतः काढतो. हे नियमही सरकारे बदलत असतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागातील घड्याळबदल रद्द केला आणि इजिप्तने २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू केला, म्हणून सर्व्हरवरील टाइम झोनची माहिती अद्ययावत ठेवावी लागते. ‘ईएसटी’ (अमेरिकेच्या पूर्व भागाची प्रमाणवेळ) सारखी लघुरूपे तर मुळीच वापरू नयेत. अमेरिकेत बोलताना लोक वर्षभर ईएसटी म्हणतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते वर्षभर यूटीसी उणे पाच असे स्थिर अंतर असते, त्यामुळे जुलैतील कार्यक्रमाचा टायमर एक तास उशिरा संपतो. ‘आयएसटी’ हे लघुरूप भारताबरोबरच इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेसाठीही वापरले जाते. ईमेलमध्ये ते लिहिण्याऐवजी ‘भारतीय वेळ’ असे स्पष्ट लिहावे.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळे बरोबर चालणारा टायमरही ‘दुरुस्त’ केला जातो. घड्याळे मागे येतात तो दिवस पंचवीस तासांचा असतो. न्यू जर्सीत २ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी १० वाजता, दुसऱ्या दिवशीच्या सकाळी १० च्या कार्यक्रमाचा टायमर एक दिवस आणि एक तास शिल्लक दाखवेल, आणि ते अचूक आहे. त्याचप्रमाणे मार्चमध्ये तेवीस तासांचा दिवस येतो. अशा तक्रारीवर काहीही बदलू नये. विचारणाऱ्याला कारण समजावून सांगावे.

चमत्कारिक फरक

अकरा तासांचा फरक म्हणजे साडेपाच तास चुकीच्या बाजूने मोजले गेले आहेत. ब्राउझरला स्थानिक अंतर विचारले असता भारतात +३३० न येता उणे ३३० असे उत्तर मिळते, कारण तेथे यूटीसीतून स्थानिक वेळ वजा करण्याची रीत आहे. कोड लिहिणाऱ्याने हे चिन्ह नेहमीच्या समजुतीने घेतले की बेरजेच्या जागी वजाबाकी होऊन दुप्पट चूक होते. चिन्हांचा असाच उलटा प्रकार ‘ईटीसी/जीएमटी+५’ या झोनमध्येही आहे. या नावाचा अर्थ यूटीसीच्या पाच तास मागे असा होतो. पाकिस्तानच्या वेळेजवळचे म्हणून कोणी ते भारतासाठी निवडले, तर साडेदहा तासांचा फरक पडतो.

अर्ध्या तासाचा फरक असेल, तर कोठेतरी ‘५:३०’ मधील तीस मिनिटे गळून नुसते पाच उरले आहेत. बारा मिनिटांचा फरक त्याहून फसवा असतो: अंतराच्या रकान्यात ५.५ च्या ऐवजी ५.३० लिहिलेले असते, प्रणाली ते दशांश अपूर्णांक म्हणून वाचते, पाच तास अठरा मिनिटे धरते आणि टायमर बारा मिनिटे उशिरा संपतो. बारा मिनिटांचा उशीर सहसा कोणी कळवत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे टिकू शकते.

तेवीस मिनिटांचा फरक दिसला आणि सर्व्हरवरील प्रोग्राम पायथनमध्ये असेल, तर कारण जवळपास निश्चित समजावे. टाइम झोनच्या माहितीसाठ्यात एशिया/कोलकाता या नावाखाली सर्वांत जुनी नोंद कोलकात्याच्या स्थानिक सूर्यमानावर आधारलेल्या वेळेची आहे, आणि ती यूटीसीच्या ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद पुढे आहे. ‘पायटीझेड’ या ग्रंथालयातील (लायब्ररी, म्हणजे तयार कोडच्या संचातील) झोन तारखेला थेट चिकटवला, तर ही जुनी नोंद उचलली जाते आणि टायमर तेवीस मिनिटे आधी शून्यावर येतो. त्याच ग्रंथालयातील ‘लोकलाइझ’ ही पद्धत वापरावी, किंवा पायथन ३.९ पासून सोबतच येणारे ‘झोनइन्फो’ वापरावे; दोन्हींत ही अडचण येत नाही.

चोवीस तासांचा फरक बहुधा संगणकाचा नसतो. ‘शनिवारी रात्री १२ वाजता’ असे लिहिले की वाचणारा शनिवार संपतानाची मध्यरात्र समजतो, आणि टायमर भरणारा शनिवारच्या तारखेला शून्य वाजता असे लिहितो, म्हणजे शुक्रवार संपतानाची. नोंदणीची मुदत रात्री ११:५९ अशी ठेवावी आणि कार्यक्रम बाराऐवजी ११:४५ ला ठेवावा. हा प्रश्न तेथेच संपतो.

टायमरचा आकडा १९७० सालात जाऊन पडत असेल, तर सेकंद आणि मिलिसेकंद यांची गल्लत झाली आहे. सर्व्हरवरील पीएचपी ही भाषा सेकंद देते, जावास्क्रिप्ट मिलिसेकंद मागते, हजाराने गुणावे.

टाइम झोनशी संबंध नसलेले, पण तसेच दिसणारे बिघाड

फक्त एकाच श्रोत्याकडे काही मिनिटांचा फरक असेल, तर त्याच्या संगणकाचे घड्याळ हाताने लावलेले असण्याची शक्यता मोठी असते. त्याला स्वयंचलित वेळेचा पर्याय सुरू करायला सांगावे. मोठ्या कार्यक्रमासाठी पान उघडताना एकदा सर्व्हरची वेळ विचारून घ्यावी आणि त्या आधारे श्रोत्याच्या घड्याळातील चूक हिशेबातून वजा करावी.

पान कितीही वेळा ताजे केले तरी शिल्लक वेळ त्याच आकड्यापासून सुरू होत असेल, तर शिल्लक सेकंद सर्व्हरवर मोजून पानात छापले गेले आहेत आणि ते पान कॅशेत (तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या प्रतीत) अडकले आहे. पानात नेहमी अंतिम क्षण छापावा. शिल्लक वेळ ब्राउझरने काढावी. टॅब मागे ठेवून परत आल्यावर टायमर मागे पडलेला दिसत असेल, तर तो दर सेकंदाला एक वजा करत मोजत आहे. ब्राउझर मागच्या टॅबमधील कामांचा वेग मुद्दाम कमी करतात, क्रोम तर काही वेळाने मिनिटाला एकदाच जाग येऊ देतो, म्हणून प्रत्येक वेळी अंतिम क्षणातून आताची वेळ नव्याने वजा करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुरुस्तीनंतरची पडताळणी

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘सेन्सर्स’ नावाचा विभाग आहे. तेथील स्थानांच्या यादीतून लंडन, टोकियो किंवा सॅन फ्रान्सिस्को निवडून पान ताजे केले की त्या टॅबपुरता टाइम झोन बदलतो. यादीत नसलेले शहर स्वतः जोडता येते. न्यूयॉर्क, लंडन आणि सिडनी यांच्याबरोबर काठमांडूही तपासावे, कारण नेपाळची वेळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे आणि अपूर्णांकांची गल्लत तेथे लगेच उघडी पडते. सर्व शहरांत शिल्लक वेळ सेकंदापर्यंत सारखीच दिसली पाहिजे. घड्याळबदलाच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक, अशा दोन तारखा घालून हीच पडताळणी पुन्हा करावी.

टायमरखाली श्रोत्याच्या स्थानिक वेळेची आणि भारतीय वेळेची, वारासह, एकेक ओळ द्यावी. रविवारी सकाळी ८ चा कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात शनिवारी रात्री ९:३० ला असतो, आणि वार लिहिला नाही तर टायमर बरोबर असूनही माणसे दुसऱ्या दिवशी येतात. ही ओळ तयार करताना श्रोता भारतात आहे की नाही हे झोनच्या नावावरून ठरवत असाल, तर क्रोम ‘एशिया/कोलकाता’ऐवजी ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नाव परत करू शकतो हे लक्षात घेऊन दोन्ही नावे स्वीकारावीत. कॅलेंडरमध्ये जोडण्याची फाइल देत असाल, तर तिच्यातही झोन लिहिलेला आहे याची खात्री करावी, कारण झोन नसलेली नोंद प्रत्येक फोन आपल्या स्थानिक वेळेची मानतो.

कार्यक्रम अगदी तोंडावर आलेला असताना चूक कळली, तर टायमर दुरुस्त करण्याच्या मागे लागू नये. तो पानावरून काढावा, कॅशे रिकामा करावा, आणि त्याच्या जागी भारत, दुबई, लंडन, न्यूयॉर्क व सिडनी येथील वेळा वार-तारखेसह साध्या मजकुरात लिहाव्यात. हाच मजकूर नोंदणी केलेल्या सर्वांना ईमेलने व व्हॉट्सॲपवर पाठवावा, आणि टायमरचे काम कार्यक्रम झाल्यावर हाती घ्यावे.